दोन माशांना, तीन मला

१

दोन टिचक्या माशांना आणि तीन मला, अशी आमच्या घरची रीत होती.

हे, म्हणजे माझा नवरा, हॉलमधल्या आरामखुर्चीत बसायचे. खुर्चीच्या उजव्या हाताला खाऱ्या पाण्याची भली मोठी काचेची टाकी. यांनी काचेवर दोन टिचक्या मारल्या की मासे दगडांमधून बाहेर येऊन गोळा व्हायचे आणि हे झाकण सरकवून चिमूटभर खाणं टाकायचे. तीन टिचक्या मारल्या की मी स्वयंपाकघरातून यायचे. कशासाठी ते आल्यावर कळायचं. कधी चहा, कधी चष्मा, कधी नुसतंच "काही नाही, जा". हाक मारायला जीभ झडते का यांची, असं आधी आधी मनात यायचं. नंतर तेही येईनासं झालं. आवाज आला की हातातलं खाली ठेवायचं, "आले" म्हणायचं आणि जायचं.

पाहुणे आले की हे त्याचा खेळ करून दाखवायचे. आधी दोन टिचक्या, मासे हजर. मग तीन, मी हजर. पाहुणे पोट धरून हसायचे, आणि ट्रे हातात धरून मीही हसायचे. फक्त माझी थोरली बहीण हसली नाही. ताई माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मासे निदान खायला तरी येतात. तू कशाला जातेस गं?"

मी ट्रेमधले कप विसळायला घेतले. 

टाकी जिथे होती तिथे पूर्वी माझं शिलाई मशीन असायचं. उजेड चांगला यायचा त्या कोपऱ्यात. हे कारखान्यात पंपांच्या दुरुस्तीवर होते. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून टाकी आली आणि मशीन माळ्यावर गेलं. थोड्या दिवसांसाठी, असं म्हणाले होते. पण ती टाकी कधी पुरी झालीच नाही. आधी नुसती टाकी होती. मग तिच्याखाली कपाटात दुसरी टाकी आली. पंप खालचं पाणी वर ढकलायचा आणि वरचं जास्तीचं पाणी पाइपानं खाली यायचं. मग फेस काढणारं यंत्र, मग निळे दिवे, मग हे पाइप काढून ते पाइप. घरात कायम गोंदाचा वास आणि फरशीवर मिठाची पांढरी पापडी. मी पुसायचे, ती परत यायची.

यांना सगळ्यात अभिमान होता तो एका भोकाचा. पंपाकडून वर येणारा पाइप दगडांच्या मागून पार तळापर्यंत नेला होता, मागची घाण हलती राहावी म्हणून. आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली त्या पाइपाला एक बारीक भोक पाडलं होतं. वीज गेली की पंप बंद पडतो, आणि मग वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली ओढलं जातं. भोक असलं की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. "एवढंसं भोक, पण तेच घर वाचवतं," असं येईल त्याला सांगायचे. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकणंच सोडून दिलं होतं.

२

हे गेले ते त्याच खुर्चीत. दुपारी झोपले आणि उठलेच नाहीत. मी रडले. खोटं कशाला बोलू, मनापासून रडले. पण सगळे पांगल्यावर घरात जी शांतता पसरली ती मला बोचली नाही, हेही खरं.

ताई परगावी राहते. तिचं कपडे शिवायचं दुकान आहे. चार दिवस राहून परत जाताना तिनं सरळ विषय काढला. "घर सोड आणि माझ्याकडे ये. दुकानात एक मशीन रिकामं आहे. आपण दोघी शिवू आणि भांडू."

मला इतका आनंद झाला की लाजच वाटली. मी हो म्हटलं. अडचण एकच होती, टाकी. ती नुसती बंद करता येत नाही, आत जीव असतात. मी बुडबुड्यांना फोन केला. बुडबुडे हे यांनी ठेवलेलं नाव. समुद्री माशांचं दुकान होतं त्यांचं, आणि दिवसभर त्या दुकानात बुडबुड्यांचा आवाज चालायचा. भला माणूस. मला वहिनी म्हणायचे.

"वहिनी, मी सगळं घेतो," ते म्हणाले. "मासे, प्रवाळ, दगड, सगळं. दुकानात दर्शनी मोठी टाकी बांधतोय. पण तिचं पाणी अजून कच्चं आहे. कच्च्या पाण्यात टाकले तर मरतील. पाणी पिकेपर्यंत तुम्ही सांभाळा."

म्हणजे परत मीच. मी हो म्हटलं. नाही म्हणायची सवय नव्हती.

पाण्याची वाफ होते पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी ओतायचं. सकाळ-संध्याकाळ खाणं टाकायचं. काच घासायची. काचेसाठी चुंबकाची घासणी होती, एक भाग आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला त्याच्यामागून फिरतो. पहिल्यांदा काच घासायला बसले ती बऱ्याच दिवसांनी. आतून शेवाळाचा हिरवा थर चढला होता, दाट, सगळीकडे सारखा. फक्त एका जागी नव्हता. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, रुपयाएवढा गोल, लख्ख.

हे तिथेच टिचक्या मारायचे. पण ते मारायचे बाहेरून. शेवाळ आतून होतं.

गोगलगायीनं खाल्लं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. टाकीत गोगलगायी होत्याच. पण गोगलगाय चालत चालत खाते, तिचा माग दिसतो. या गोलाकडे यायला आणि तिथून जायला वाटच नव्हती.

३

पुढच्या आठवड्यात मी संध्याकाळी कपडे बांधत बसले होते. साड्या एकीकडे, यांचे शर्ट दुसरीकडे, कुणाला तरी देऊन टाकायला. माशांना खाणं टाकायचं राहिलं होतं. हॉलमधून टिक टिक असा आवाज आला.

मी हातातला शर्ट तसाच धरून बसले. मग पुन्हा, टिक टिक.

जाऊन पाहिलं. मासे काचेशी गोळा झालेले. नारंगी पट्ट्यांची जोडी, तो भांडकुदळ पिवळा, सगळे त्या लख्ख गोलासमोर, तोंडं वर करून. दोन टिचक्या झाल्या की ते यायचे तसे आले होते. फक्त टिचकी मारायला खुर्चीत कुणी नव्हतं.

मी अगदी घाबरट बाई नाही. उंदीर मी शेपटीला धरून बाहेर टाकलेत. मी विचार केला, मासे भुकेले आहेत. भुकेल्या माशानं काचेला तोंड आपटलं असेल. मी खाणं टाकलं, ते खाऊ लागले, आवाज थांबला. झालं तर मग.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वेळेवर खाणं टाकलं नाही. भिंतीला टेकून हॉलच्या दारात उभी राहिले आणि माशांवर नजर ठेवली. मासे आपापल्या जागी, कुणी प्रवाळात, कुणी दगडामागे. एकही काचेजवळ नव्हता. टिक टिक झालं, आणि मग ते निघाले. आवाज आधी झाला आणि मासे मागून आले. म्हणजे वाजवणारे ते नव्हते. ते माझ्यासारखेच बोलावलेले होते.

४

मी तडक बुडबुड्यांच्या दुकानात गेले. सगळ्या भिंतींना टाक्या, ओलसर उबदार हवा, आणि दारासमोरच ती नवी दर्शनी टाकी, नुसत्या पाण्यानं भरलेली. बुडबुड्यांनी पडद्याकडे तोंड करून आवाज दिला, "अगं ए, वहिनी आल्यात. चहा टाक." पडद्याआडून बायको म्हणाली, "हात पिठात आहेत, तुम्हीच टाका." बुडबुडे हसत हसत उठले आणि आत गेले. मला ते बघून बरं वाटलं आणि हेवाही वाटला.

चहा पिता पिता मी सगळं सांगितलं. फक्त दोन आणि तीनची गोष्ट सांगितली नाही. ती त्यांना ठाऊकच होती, तेही एकदा पाहुणे होते.

"वहिनी, त्यात काही नाही," बुडबुडे म्हणाले. "दगडातून काहीबाही येतं. एक झिंगा असतो, तो नांगी अशी आपटतो की काच वाजते. लोक रात्रीचे घाबरून मला फोन करतात. तुमच्याकडचा तो मोठा दगड आहे ना, मधला पोकळ? त्यातच असणार. तो दगड मी समुद्राचा म्हणून दिला नव्हता साहेबांना. वापरलेला होता."

"कुणी वापरलेला?"

"एका बाईंनी टाकी मोडली, त्यांचा. एवढा झकास दगड, पण काही घेतलं नाही त्यांनी. नुसतं घेऊन जा म्हणाल्या." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "सापळा देतो. बाटलीत कोळंबीचा तुकडा ठेवा आणि दगडापाशी सोडा. झिंगा आत जातो, बाहेर येता येत नाही."

मी सापळा लावला. सकाळी कोळंबी होती तशी होती. मी ती काढून ताजी घातली. ती पण तशीच राहिली. पण टिक टिक वेळेवर चालू होतं. आणि मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी खाणं टाकल्यावर आवाज थांबतो असं मी समजत होते. तसं नव्हतं. मी दारातून आत आले की तो थांबत होता. खाणं टाकायच्या आधीच.

जे कुणी वाजवत होतं त्याला भूक नव्हती. त्याला फक्त मी यायला हवं होतं.

५

त्यानंतर तीनची सुरुवात झाली.

मी भांडी बांधत होते, वर्तमानपत्राच्या कागदात एकेक पेला गुंडाळून. टिक, टिक, टिक. आणि मी हॉलमध्ये उभी होते. मधलं मला आठवत नाही. पेला खाली ठेवल्याचं, पदर खोचल्याचं, चालल्याचं, काही नाही. तोंडात "आले" हा शब्द होता आणि तो मी बोलून झाले होते.

रिकामी खुर्ची, निळा उजेड, हलणारी प्रवाळं. काच स्वच्छ होती, मी सकाळीच घासली होती. मला एवढा संताप आला. हे असते तर मी निदान मनातल्या मनात शिव्या तरी घातल्या असत्या. इथे घालायच्या कुणाला? मी खुर्चीला लाथ घातली. ती जराशी डुलली आणि थांबली.

ताईला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू एकटी आहेस म्हणून होतंय हे. कान वाजतात माणसाचे."

"कान वाजले तर मासे कसे येतील?"

 ताई म्हणाली, "एक विचारू? तो आधी हाका मारायचा की तुला. गल्लीभर ऐकू जायच्या. मी चेष्टा करायचे, भोंगा म्हणायचे त्याला. हे टिचक्यांचं कधी सुरू झालं?"

मी आठवू लागले. टाकी नवी असताना ते ओरडायचेच. "ऐकलंस का" म्हणून. मग तो मोठा दगड आला, तो आत बसवायला यांना दोन माणसं बोलवावी लागली. त्यानंतर कधी तरी. मी आणखी आठवायचं टाळलं. यांनी मला असं वागवलं हे माझं दुखणं होतं, आणि ते मी नीट जपून ठेवलं होतं. आता त्यातही भागीदार निघावा, यांना माफ करायची वेळ यावी, हे मला नको होतं.

"सोडून ये सगळं," ताई म्हणाली. "मेले मासे तर मेले."

"पुढच्या आठवड्यात नेणारच आहेत ते. तेवढे दिवस काढते."

ते दिवस काढणं मात्र जड गेलं. टाकीला आता आणखी एक आवाज फुटला होता. पंप मंदावला होता बहुतेक, त्यामुळे पाण्याची पातळी केसभर खाली आली होती आणि पाइपाचं ते भोक उघडं पडून सुरसुरत होतं. गरम चहाचा घोट ओढावा तसा आवाज. हे असाच ओढायचे. टिचक्या, मग मी, मग तो घोट. दिवसभर. एका सकाळी मला सहन झालं नाही. प्रवाळ चिकटवायची पुटी यांच्या डब्यात होती, पाण्यातही घट्ट होणारी. तिची गोळी मळली, खुर्चीवर चढले, हात आत घातला आणि भोक बुजवून टाकलं.

सुरसुर बंद झाली. मला वाटलं, चला, एक तोंड तरी बंद केलं.

६

वीज दुपारी गेली. मी आतल्या खोलीत ट्रंकेला कुलूप लावत होते. पंखा थांबला, पंपाची घरघर थांबली, आणि घर इतकं शांत झालं की मला छान वाटलं. मी पाच मिनिटं तिथेच पलंगावर बसले. तेव्हा पाय ओले झाले.

पाणी हॉलमधून येत होतं. मी धावले. खालचं कपाट भरभरून वाहत होतं आणि वरची टाकी अर्धी झाली होती. ते भोक. तेच घर वाचवतं, आणि मी ते बुजवलं होतं. पाइपाचं तोंड तळाशी, त्यामुळे पाणी थांबायला तयार नव्हतं. मी खुर्चीवर चढून पाइप धरून ओढला. तो सांध्यातून निसटला, घोटभर हवा प्यायला आणि ओढ तुटली.

मासे तळाच्या हातभर पाण्यात दाटीवाटीनं फिरत होते. प्रवाळं लुळी पडली होती. एरवी पाण्याखाली सुंदर दिसणारे दगड उघड्यावर नुसते ओले, तपकिरी, घाणेरडे दिसत होते. आणि तो मोठा दगड पहिल्यांदाच मागून दिसला. एरवी पुढून त्याची पोकळी दिसायची नाही, आणि वरून बघावं तर पाइप आणि पाणी आड यायचं. आता मी वरून, खुर्चीवरून, थेट आत बघत होते. खिडकीतून भर दुपारचं ऊन येत होतं. काही चुकीचं दिसावं एवढा अंधार तिथे नव्हता.

पोकळी आतून गुळगुळीत होती. वर्षानुवर्षं बसून खुर्चीचा हात गुळगुळीत होतो तशी. तिच्यात काहीतरी होतं आणि पाणी गेल्यामुळे ते आणखी आत सरकत होतं, घाई न करता. त्याचा रंग भिंतीच्या ओल्या गिलाव्याचा. त्याला डोळे नव्हते, निदान माझ्या बाजूला नव्हते. सगळं आत गेलं तरी एक टोक बाहेर राहिलं. बोटाएवढं, बोथट. त्या टोकाला एक चपटी, कडक, गुलाबीसर चकती होती. मी नखं पाहिलेली आहेत. यांची तर मीच कापायचे, शेवटी शेवटी त्यांना वाकवत नव्हतं म्हणून. पण ते यांचं नव्हतं. इतकं स्वच्छ, इतकं झिजलेलं नख माणसाचं नसतं.

खाली पाण्यात मासे फडफडत होते, फरशीवर पाणी पसरत होतं. मला ओरडायचं होतं. ते टोक हळूच वाकलं, दगडाच्या भिंतीला टेकलं.

टिक, टिक, टिक.

"आले," मी म्हटलं.

खुर्चीवरून उतरून मी टाकीच्या आणखी जवळ गेले होते. गाल काचेला लागला होता आणि काच गार होती. वीज आली, पंप भणभणला, निळे दिवे लागले, तेव्हा मी भानावर आले. पोकळीत बघितलं तर नुसता दगड. डाव्या हातात माशांच्या खाण्याची डबी होती. ती मी कधी घेतली हे मला माहीत नाही.

७

मी फोन केला तसे बुडबुडे त्याच संध्याकाळी गाडी आणि एक गडी घेऊन आले; नव्या टाकीचं पाणी आता पिकलंय म्हणाले. मासे वाचले, काही प्रवाळं गेली. त्यांनी बादल्या भरल्या, दगड एकेक करून उचलले. त्या मोठ्या दगडाला हात घातला तेव्हा मी दारापर्यंत मागे सरले.

"आत बघा जरा," मी म्हटलं. "झिंगा असेल."

त्यांनी विजेरी मारली, तार फिरवली, गोडं पाणी ओतलं. गोड्या पाण्यानं असेल ते पळत बाहेर येतं म्हणे. काही आलं नाही. "रिकामा आहे, वहिनी. काय सुंदर घडलाय पण. दर्शनी टाकीत मधोमध हाच बसवतो."

मला सांगायचं होतं, फोडून टाका हा. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण का फोडायचा ते सांगावं लागलं असतं. शेजारी पाजारी दारात येऊन बघत होते, पाणी त्यांच्याकडेही गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला एकच हवं होतं. तो दगड माझ्या घरातून जायला हवा होता, लवकर.

"किती द्यायचे याचे?" त्यांनी विचारलं.

"काही नको," मी म्हटलं. "नुसता घेऊन जा."

त्यांनी काढलेलं पाकीट परत खिशात घातलं. मग दगड पोत्यात गुंडाळून, दोघांनी धरून, जिन्यानं खाली नेला.

टाकी रिकामी झाल्यावर मी माळ्यावरून मशीन उतरवलं. पट्टा सैल झाला होता, बाकी ठीक होतं. रात्री त्या कोपऱ्यात बसून मी एक साधी सरळ शिवण मारली, फडक्यावर, कशाचीच नाही. आवाज कसा भरभरून येतो मशीनचा. मला रडू आलं.

८

ताईकडे मी सुखात होते. हे लिहिताना मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण कुणाला खोटं वाटेल. आम्ही दोघी दिवसभर शिवायचो आणि भांडायचो. तिचं म्हणणं मी काजं घट्ट घालते, माझं म्हणणं ती टाके वाचवते. मला हवं तेव्हा मी चहा करायचे आणि नको तेव्हा करायचे नाही. एकदा तिनं कात्री हवी म्हणून टेबलावर बोटं वाजवली, तर मी कात्री हातात घेऊन म्हटलं, "ताई, तोंडानं माग." तिनं मागितली. त्यानंतर कधी वाजवलं नाही.

परवा दुकानात बसलो होतो आणि बुडबुड्यांचा फोन आला. मशीनवर हात होते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला. पलीकडून त्यांच्या दुकानातले बुडबुडे ऐकू येत होते.

"वहिनी, पिवळ्याला साहेब काय घालायचे हो? भारी नखरे करतो."

मी सांगितलं. मग विचारलं, "टाकी कशी आहे?"

"टाकी एक नंबर. लोक बघायला येतात. तुमचा तो दगड म्हणजे जान आहे टाकीची. आमच्या हिला तर एवढं वेड लागलंय, स्वयंपाक टाकून टाकीसमोर येऊन उभी राहते. आधी चार हाका मारल्या तरी हलायची नाही. आता हाक मारायलाच लागत नाही." ते हसले. "काय जादू केलीत, वहिनी?"

माझ्या पायाखालचं पेडल थांबलं.

"अहो ऐका," मी म्हटलं. "तो दगड काढा. आजच्या आज काढा आणि फोडा. बायकोला तिथे उभं राहू देऊ नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

"अहो, काय झालं वहिनी? एवढा चांगला..."

फोनमधून आवाज आला. बुडबुड्यांच्या गलबल्यातही अगदी स्पष्ट. टिक, टिक, टिक.

"तुम्ही वाजवलंत?" मी विचारलं.

"काय? नाही हो. माझ्या एका हातात फोन, एका हातात जाळी. ही टाकी अशीच..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मागे पडद्याच्या कड्या सरकल्या. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाईचा आवाज, शांत, रोजचा.

"आले."

ताईनं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं तिला त्या बाईचं ऐकून धक्का बसला.

"अगं," ती म्हणाली, "तू कुठे निघालीस?"

मी उभी होते. खुर्ची मागे सरकली होती, शिवायचं कापड जमिनीवर पडलं होतं, आणि माझा हात दाराच्या कडीवर होता. फोनमधून ऐकलेला तो शब्द मीही बोलले होते, ती बाई आणि मी, दोघी एकदमच.